भिंतीतल्या बाईचा आवाज

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आधी बसून घे, मग वाच. बातमी वाईट नाही, पण उभ्याउभ्या वाचण्यासारखीही नाही.

'भिंतीतली बाई' सिनेमा पुन्हा बनतोय. तीच जुनी गोष्ट, तेच दलदलीच्या काठचं घर. पहिल्या बायकोला भिंतीत चिणून दुसरं लग्न करणारा तोच मालक, आणि रोज दिवेलागणीला लांबलचक बोळातून नव्या नवरीचा चेहरा बघायला येणारी तीच बाई. फक्त या खेपेला सगळं रंगीत आहे आणि रंग मुख्यतः एकच आहे. दिग्दर्शक तिशीतला, गोड स्वभावाचा मुलगा आहे. बोलताना आवाजही चढत नाही. पण पहिल्या पंधरा मिनिटांत तिघांची आतडी बाहेर काढतो. आपल्या सिनेमात भिंतीला नुसता तडा गेला तर बायका किंचाळायच्या. इथे भिंतीतून बादल्या भरभरून रक्त येतं.

आवाजांचं काम माझ्याकडे आलंय. तू दर वेळी विचारतेस म्हणून पुन्हा सांगतो: चित्रीकरणाच्या वेळचे आवाज नीट येत नाहीत, म्हणून आम्ही बंद खोलीत पडद्याकडे बघत पावलं, दारं, भांडी, कपड्यांची सळसळ असं सगळं नव्याने वाजवतो. सध्या माझ्या खोलीत कोबीचा ढीग पडलाय. मान मोडायची तर कोबी पिळायचा, पोट फाडायचं तर ओला टॉवेल, बोटांना अक्रोड. घरी परत जाताना माझ्या अंगाला भाजीबाजाराचा वास येतो.

काम करता करता मला सारखे ते सुट्टीतले सकाळचे खेळ आठवतात. बाबा आपल्याला पुढच्या रांगेत बसवायचे आणि स्वतः मागे पडदा लावलेल्या दाराशी उभे राहायचे, कधीच बसायचे नाहीत. आई बोळाच्या टोकाला दिसली की सगळं थिएटर श्वास रोखायचं, आणि मी तुझ्या मांडीवर उभा राहून हात हलवायचो. एकदा शेजारच्या बाईने तुला विचारलं होतं, या पोराला भीती कशी वाटत नाही? तू काय उत्तर दिलंस ते मला आठवत नाही.

मी काम घेतलंय. रागावू नकोस. फोन करू नकोस, पत्रच लिही.

तुझा,
भुंगा

*

१४ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

आशीर्वाद. फोन मी करणारच नव्हते. फोनवर तू माझं ऐकत नसतोस, लाइनमधली खरखर ऐकत असतोस.

पत्र बसूनच वाचलं, आणि वाचून झाल्यावरही बसूनच राहिले. तेवढ्यात दुकानात एका गिऱ्हाइकाने दोनदा घंटी वाजवली. शेवटी तुझ्या दाजींनी त्याचा कोट घेतला.

मला ते आवडलेलं नाही, हे सरळ सांगते. कपड्यांच्या धुलाईच्या दुकानात उभं आयुष्य गेलं माझं. रक्ताला मी घाबरत नाही. गार पाण्याने जातं, गरम पाण्याने बसतं, एवढंच त्याचं कौतुक. पण आईच्या अंगावर ते ओतणार म्हणतोस, ते मला सोसत नाही. नटी दुसरी असेल, मला कळतं. तरी ती बाई म्हणजे आपली आईच आहे.

तुला ठाऊक आहे ते सगळं, तरी पुन्हा लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतं. त्या कामासाठी आई कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. ती स्टुडिओच्या कपडेखात्यात शिवणकाम करायची. भुताचा तो लांब पांढरा झगा तिनेच शिवला. चित्रीकरणाच्या आठवड्यात नटीला कांजिण्या आल्या. दुसरी उंच बाई मिळेना, आणि झगा मापावर बघायला आई तो रोजच अंगावर चढवायची. दिग्दर्शक कुठल्याशा कामाला कपडेखात्यात आला आणि दारातच थबकला. एवढ्यावर आई भूत झाली.

संध्याकाळी घरी यायची तेव्हा कानांमागे पांढरी पावडर राहिलेली असायची. मी ती ओल्या फडक्याने पुसून काढायची. तू दीड-दोन वर्षांचा होतास. तिच्या गालाला हात लावायचास आणि तुझा हात पांढरा व्हायचा, मग तो हात तू मला दाखवायचास.

पुढच्या वर्षी ती गेली. सिनेमा तेवढा राहिला.

म्हणून म्हणते, नाही म्हण. कोबी पिळायला दुसरा कुणीतरी मिळेल त्यांना.

तुझी,
ताई

*

६ मार्च

प्रिय ताई,

नाही म्हणायला म्हणून मी खरंच गेलो होतो. दिग्दर्शकाच्या खोलीत गेलो, तर तो आपला जुना सिनेमा लावून बसलेला. बोळाचा प्रसंग चालू होता. मला बघून त्याने थांबवला, तर आई बोळाच्या मध्यावर उभी राहिली. मला परत फिरता येईना.

ताई, तुझ्याकडे पावडर पुसण्याची आठवण आहे, भाकरीची असेल, मार खाल्ल्याची असेल. माझ्याकडे आई फक्त पांढऱ्या झग्यात आहे. कुणी आईचा विषय काढला की मला बोळ दिसतो. मग तो सिनेमा दुसऱ्या कुणाच्या हातात कसा देऊ? निदान मी तिथे असलो तर लक्ष तरी ठेवीन.

आणि मी एक गोष्ट मिळवली आहे. तुला सांगायला मी किती अधीर झालोय ते तुला कळायचं नाही. आपल्या सिनेमात ती एकदाच बोलते. शेवटी, नवऱ्याच्या पलंगाशी उभी राहून: "दिवा जरा मोठा कर. तुझा चेहरा दिसत नाही मला." नव्या सिनेमात नवी नटी हे वाक्य गुरगुरून म्हणणार होती. मी दिग्दर्शकाशी भांडलो. माझ्या वयाला शोभणार नाही इतका भांडलो. म्हटलं, सबंध सिनेमात काय फाडायचंय ते फाड, पण हे वाक्य मूळ आवाजात राहू दे. जुनी फीत साफ करून मी देतो. त्याने ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मान डोलावली.

आठवडाभर मी आईच्या आवाजावरची धूळ झाडतोय. काय मऊ आवाज होता तिचा. लहानपणी पांघरुणात तोंड खुपसून मी ते वाक्य तिच्या सुरात म्हणायचो. एकदा म्हटलं की झोप यायची. तुला ऐकू जायचं का कधी?

आता नव्या थिएटरांतून, चारी भिंतींमधून आई बोलणार. यावर तरी खूश हो.

भुंगा

*

१२ मार्च

प्रिय भुंग्या,

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. मोठं मशीन बंद पडलं होतं, दुरुस्त करणारा दोनदा येऊन काहीच न करता गेला. दाजींचा गुडघा धरलाय, पण ते ऐकत नाहीत, शिडीवर चढतातच.

त्या वाक्याचं इतकं मनावर घेऊ नकोस. सिनेमा त्यांचा आहे, त्यांना काय ठेवायचं ते ठेवू दे. आवाज काय, शेवटी आवाजच.

जेवणाची वेळ पाळत जा. बाकी भेटीत बोलू.

ताई

*

२५ मार्च

ताई,

"आवाज काय, शेवटी आवाजच." हे तू मला लिहितेस?

तुझं पत्र मी खिशात घालून फिरलो. अजून दोन ओळी कुठे सापडतील म्हणून पाकीट उलटंही करून बघितलं. तुझा राग रक्ताचा आहे, हे कळतंय मला. पण राग असेल तर शिव्या दे, मशीन आणि गुडघा सांगू नकोस.

तुला आई अकरा वर्षं मिळाली. तू तिच्याशी भांडली असशील, तिने तुझी वेणी घातली असेल. तुझ्या वाट्याचं मी कधी मागितलं नाही. मला एक वाक्य मिळालं, तेही भुताचं. तेवढं माझ्याकडे राहू दे. त्याला "शेवटी आवाजच" म्हणू नकोस.

उत्तर लिहायचं नसेल तर नको लिहूस.

भुंगा

*

२ एप्रिल

भुंग्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तो आवाज आईचा नाही.

तू या धंद्यात पडलास तेव्हा मी धरूनच चालले की तुला हे केव्हाच कळलं असेल. तुमच्या लोकांना पहिल्या झटक्यात कळतं ना, कुणाच्या तोंडात कुणाचा आवाज घातलाय ते. मागच्या महिन्यात तुझं पत्र वाचलं आणि लक्षात आलं, की तुला माहीतच नाही. तू ज्याला हिरिरीने जपतोयस ते मी कसं मोडू? म्हणून मशीनचं लिहिलं. ते तुला लागलं. त्यापेक्षा हे लागलेलं बरं, असं मनाशी ठरवून लिहितेय.

आईचा आवाज जाडा होता. घोगरा. टेलिफोनवर लोक तिला बाबाच समजायचे. दिवसभर ओठांत टाचण्या धरून काम करायची, त्यामुळे तोंडाच्या एका कडेने बोलायची सवय लागली होती. टाचण्या नसल्या तरी तशीच बोलायची. दिग्दर्शकाने तिचं ते वाक्य ऐकलं आणि डोक्याला हात लावला म्हणे. मग एका गोड गळ्याच्या बाईला बोलावून तिच्याकडून म्हणवून घेतलं. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात त्या पाटीवरही तिचं नाव नाही.

पहिल्या खेळाला आई मला घेऊन गेली होती. तो प्रसंग आला, पडद्यावरची आई बोलली, आणि शेजारी बसलेली आई पदर तोंडात कोंबून हसायला लागली. पुढच्या माणसाने रागाने मागे वळून बघितलं. आई त्याच्यासमोरच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ गं, मेल्यावर किती गोड बोलते मी."

तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. म्हणून मलाही कधी वाटलं नाही. तुझ्यासाठी आज वाटलं.

पांघरुणातलं मला ऐकू जायचं. रोज. मी काही बोलायची नाही, कारण त्यानंतर तू झोपायचास.

ताई

*

९ जून

प्रिय ताई,

दोन महिने लिहिलं नाही. रागाने नव्हे. लिहायला बसलो की काय लिहायचं ते सुचायचं नाही, मग उठून कोबी पिळायला जायचो. दिग्दर्शक म्हणतो, एप्रिल-मेमध्ये मी मोडलेल्या माना फार उत्तम आहेत.

पहिल्यांदा मी ते वाक्य काढून टाकायला निघालो होतो. बोट बटणावर ठेवलं होतं. मग वाटलं, ही बाई कोण होती मला माहीत नाही, पण लहानपणभर तिने मला झोपवलंय. तिला बिचारीला पाटीवरही कुणी घेतलं नाही. मी तरी कुठल्या तोंडाने हाकलू? राहू दिलं.

आता नीट ऐकलं की कळतं. ओठ एक सांगतात, आवाज दुसरंच. इतकी वर्षं कसं कळलं नाही, म्हणून विचार करायचो. कान होते, पण मी ते लावलेच नाहीत, दुसरं काय.

मग सबंध सिनेमा पुन्हा ऐकला. डोळे बांधून, नुसता कानाने. आईचं काहीतरी असेलच की, खोकला, श्वास, बांगडी. ताई, काही नाही. पावलंही नाहीत. आठवतं ना, ती बोळातून येते तेव्हा आवाजच नसतो, लोक घाबरायचे ते त्यालाच. म्हणजे दिसते ती आई आहे आणि ऐकू येतं त्यात आई कुठेच नाही. माझा धंदा आवाजाचा, आणि माझ्या आईचा एकही आवाज माझ्यापाशी नाही.

नव्या सिनेमात बोळाच्या प्रसंगाला पावलं हवी आहेत. दिग्दर्शकाला ओली, रक्तात भिजलेली पचपच हवी होती. मी अजून वाजवलेली नाहीत.

आई कशी चालायची?

लिहून पाठवू नकोस. लिहून चालणं कळत नाही. दाजींना दुकानावर बसव आणि चार दिवस ये. प्रवास लांबचा आहे, मला कळतं. पण ये.

भुंगा

*

२० जुलै

प्रिय भुंग्या,

सुखरूप पोचले. दाजींनी चार दिवसांत दोन शर्ट जाळले आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याची पँट दिली. बाकी ठीक.

 गाडीत सबंध वेळ तुझ्या आवाजाच्या खोलीतल्या त्या दिवसाचा विचार करत होते. माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुझी ती खोली बघून मला आधी हसू आलं. फरशीचा एक तुकडा, लाकडाचा एक, वाळूची पेटी, आणि कोपऱ्यात जुन्या चपलांचा डोंगर. त्यातून बायकी सपाता काढून तू पाय कोंबलेस तेव्हा तर फारच. पांढऱ्या मिशांचा एवढा मोठा बाप्या, आणि टाचा मागे बाहेर लोंबतायत. म्हणून तुझ्याकडे पाठ करून बसले. हसायचं तरी नको.

सुरुवातीला काही जमेना. पहिल्यांदा तू चाललास ते पोलिसासारखं. मग चोरासारखं. मी म्हणत राहिले, हलकं, ती बारीक होती. आता फार हलकं, ती काही नाजूक नव्हती. सपाता बदलल्या, फरशी बदलली. दुपार झाली. मला वाटायला लागलं की मीच विसरले आहे. एवढ्या लांबून याने बोलावलं, आणि माझ्याकडेही काही उरलेलं नाही.  तुला सांगितलं नाही.

मग तू विचारलंस, घरी येण्याआधी ती काय करत असायची? आणि मला एकदम उमगलं. बसलेली असायची. दिवसभर मशीनवर. घरीही तेच, रात्रीचं शिवण. उठली की पहिली दोन पावलं जड पडायची, गुडघे आखडलेले असायचे. मग अंग सुटत जायचं. आणि वळणावर क्षणभर थांबायची, भिंतीला हात लावून.

तू स्टुलावर जाऊन बसलास. किती वेळ बसलास देव जाणे. मी पाठमोरीच होते. मला वाटलं, कंटाळला. मग तू उठलास.

भुंग्या, काय झालं ते सांगते. माझा हात वही शोधायला लागला. आईची पावलं वाजली की मी पटकन वही उघडून अभ्यासाचं सोंग करायची. ते मी साफ विसरले होते. हाताला मात्र आठवत होतं. मांडीवर हात चाचपडत राहिला.

तू मागून विचारलंस, "सापडली चाल?"

मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि तुझं आवाज टिपायचं यंत्र चालू होतं.

दिग्दर्शकाला नको असेल तर त्याने वापरू नये. मला त्याचं काही नाही. तू त्या पावलांनी आता हवं तेव्हा चालू शकतोस.

ताई

*

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तू काहीतरी शोधत होतीस ते मला पाठीवरून दिसलं होतं. काय शोधतेयस ते कळलं नव्हतं. बरं झालं लिहिलंस.

दिग्दर्शकाला ऐकवलं. कुणाची पावलं ते आधी सांगितलं नाही. पचपच कुठे गेली म्हणून विचारेल, अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "ही बाई थकलेली आहे." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "राहू द्या." झगा जमिनीपर्यंत असल्यामुळे पायात काय आहे ते दिसतच नाही, हे आपलं नशीब.

शेवटच्या प्रसंगात, ती बोळातून परत जाते तिथे घेतली आहेत. त्याच्या आधी बरंच काही घडतं, ते मी इथे लिहीत नाही. बघायलाच हवं असं नाही, ताई. मी ती पावलं वेगळी काढून तुला पाठवू शकतो.

घरी रोज एकदा ऐकतो. आता बोळ दिसत नाही. काय दिसतं ते नीट सांगता येत नाही. उजेड असलेली खोली आहे, आणि दाराकडे कुणीतरी येतंय.

भुंगा

*

१७ नोव्हेंबर

प्रिय भुंग्या,

वेगळी पाठवू नकोस. आम्ही थिएटरात जाऊन बघितला.

तुझे दाजी नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. दुपारचा खेळ होता. सगळी कॉलेजातली पोरं, मक्याच्या लाह्या खात बसलेली. आमच्याकडे बघून एक मुलगी म्हणाली, काकू, हा तुमच्या कामाचा नाही हो. मी म्हटलं, बघू.

तिने खरं तेच सांगितलं होतं. कसलं रे ते, भुंग्या. एवढं रक्त धुवायला आमच्या दुकानाला महिना लागला असता. नव्या नटीला बघून मला राग येईल असं वाटलं होतं, पण तिचीच कीव आली. चिखलात काय लोळवलीय पोरीला. मधेच कधीतरी मान मोडली, तेव्हा मला कोबी दिसला आणि हसू आलं. दाजींना वाटलं माझं डोकं फिरलं.

ते वाक्य आलं. चारी बाजूंनी आलं, तू म्हणाला होतास तसं. पोरं एकदम चूप झाली. त्या बाईचा आवाज खरंच फार सुंदर आहे.

मग मालकाला ती भिंतीपाशी ओढत नेते आणि जे काय करायला लागते ते मला बघवेना. मी डोळे गच्च मिटून घेतले. आजूबाजूला किंचाळ्या, खुर्च्या वाजतायत, कुणीतरी देवाचं नाव घेतंय. मग हळूहळू सगळं शांत झालं, आणि ती परत निघाली.

पहिली दोन पावलं जड. मग सुटत गेली. डोळे मिटलेले असले की ते रक्त नाही, बोळ नाही, ती बिचारी नटीही नाही. नुसती एक बाई दिवसभराचं काम आटपून घराकडे येतेय. वळणावर थांबली. भिंतीला हात लावला असणार.

दाजींनी माझा हात हलवला. म्हणाले, संपलं, दिवे लागले, आता उघड डोळे.

मी म्हटलं, "थांबा जरा. तिला आत तर येऊ द्या."

तुझी,
ताई